येतो

१

सव्वा वाजला की समोरच्या क्लासची बेल होते आणि पाच-सहाशे पोरं एकदम गल्लीत उतरतात. नीटवाली, जेईईवाली, दोनदा बसलेली, तिसऱ्यांदा बसणारी. लातूरची ही गल्ली आता माझी राहिली नाही. डावीकडं मेस, उजवीकडं अभ्यासिका, मागं मुलींचं होस्टेल, आणि मधोमध मी, ताहेर सुतार, व्हायोलिन करत बसलेला.

अभ्यासिकेतली पोरं खिडकीतून ओरडतात, "अंकल, ठोकू नका ना, डिस्टर्ब होतंय!" ठोकू नको तर काय करू बाबा? आमच्या कामात लाकूड कानानं ओळखतात. फळी दोन बोटांत लटकती धरायची, कानाजवळ न्यायची, बोटाच्या पेरानं ठोकायची आणि ऐकायचं. नीट बोलेपर्यंत रंधा मारायचा. एक हात जास्त पडला की महिन्याची मेहनत चुलीत.

बेल झाली की मी रंधा खाली ठेवतो, अंगावरचा भुसा झटकतो आणि वरच्या मजल्यावर जेवायला जातो. जाताना दाराशी "येतो" म्हणायचं, ही माझ्या अब्बांपासूनची सवय. दुकानात कुणी नसलं तरी म्हणायचं. निघताना "जातो" असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. जाणारा म्हणजे गेलाच. एकदा माझ्या तोंडून निसटलं तर बायकोनं, जाहिदानं, तीन दिवस अबोला धरला होता.

आधी मी दारं-चौकटी करायचो. मग एकदा बँडवाल्याचं फुटकं व्हायोलिन दुरुस्तीला आलं, उघडून बघितलं आणि येडाच झालो. गच्चीवरच्या खोलीत गुरुलिंग सर भाड्यानं राहतात, समोरच्या क्लासात फिजिक्स शिकवतात. त्यांनी इंटरनेटवर माझं दुकान मांडून दिलं. आता मोठमोठ्या वाद्यवृंदांतली माणसं घेतात माझी वाद्यं. काळे कोट घालून ऐंशी-ऐंशी जण एका वेळी वाजवतात, तसल्यातली. सगळे म्हणतात, पाठीच्या फळीचा आवाज असा दुसरीकडं ऐकला नाही.

ती पाठीची फळी म्हणजे जुनं सागवान. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या घराची तुळई. जाहिदाच्या माहेरची.

त्या घरात तिची अकरा वर्षांची बहीण गेली. मुबश्शिरा. घरी मुब्बी म्हणायचे. जाहिदा त्या दिवशी औशाला मावशीकडं होती म्हणून वाचली. आमच्या लग्नाला आठ दिवस झाले तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "तुम्ही तर तिथं लाकडं कापायला गेला होता. आमच्या गल्लीत कुणाचा आवाज आला होता का हो?"

मी म्हणालो, "न्हाई."

ते खोटं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या एका "न्हाई"वर माझा संसार उभा आहे. हे एक जाहिदाला कळू नये, बस. बाकी ह्या दुनियेत मला कशाचीच भीती नव्हती.

२

गणपती बसले होते. गल्लीत डॉल्बी सुरू, त्यात मुंबईहून आलोकचा फोन. हा पोरगा वाद्यवृंदात व्हायोला वाजवतो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनच्याच घरातलं, अंगानं थोराड आणि आवाजानं खालचं. सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडून घेतलेला.

"ताहेरभाई, वाद्य एक नंबर आहे. फक्त एक विचारायचं होतं. हसू नका."

"बोला की."

"ते ठोकतं."

"कोण?"

"व्हायोला. आतून."

मी हसलोच. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "आमची तालीम असते ना, कंडक्टर हात वर करतो, ऐंशी माणसं श्वास धरून बसतात. त्या शांततेत माझ्या हनुवटीखालून आवाज येतो. टक-टक. मग थोडं थांबून, टक. पुढच्या रांगेनं वळून बघितलं. कंडक्टरनं हात खाली घेतला. मला वाटलं, शर्टाचं बटण लागलं. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट घालून गेलो. पुन्हा तेच."

"मुंबईची हवा दमट. जोडाचा सरस सुटला असंल कुठंतरी. लाकूड आहे, कुरकुरणारच."

"सरस सुटला तर असा मोजून ठोकतो का? दोन, मग एक?"

माझं डोकं फिरलं. "हे बघा, मी सुतार हाय, मांत्रिक न्हाई. कुरिअर करा, बघतो!" म्हणून फोन ठेवला. हातातली फळी मांडीवर पडली होती. दोन, मग एक. हे मी आधी ऐकलेलं होतं. पण मनाला म्हटलं, ताहेर, तुला पन्नाशी उलटली, कानात वारं भरलंय.

३

गुरुलिंग सरांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची खोड आहे. दोन दिवसांनी संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन दुकानात आले आणि लाकडाच्या ढिगावर बसले.

"ताहेरभाई, आलोक एकटा नाही. चेन्नईची बाई, पुण्याची वैष्णवी, जर्मनीतला तो उंच माणूस. चौदा वाद्यं विकली आपण, नऊ जणांनी लिहिलंय. सगळ्यांचं एकच. दोन आणि एक."

"सगळी एका तुळईची. एकसारखी वाळली, एकसारखी तडकली."

"मीही तेच म्हणत होतो. अनुनाद म्हणतात त्याला, पोरांना रोज शिकवतो." सरांनी चष्मा काढून पुसला. "पण वेळ बघा. मुंबईत सव्वा. चेन्नईत सव्वा. जर्मनीवाला लिहितो पावणेदहा, म्हणजे आपल्याकडं सव्वाच झाला. हवा वेगळी, देश वेगळा, आणि मिनिट एक. हे कुठल्या पुस्तकात बसत नाही."

मी पटाशीला धार लावत राहिलो. लावायची गरज नव्हती.

"आणि गंमत म्हणजे," सर म्हणाले, "शुक्रवारी सव्वा नाही. शुक्रवारी साडेबारा. सगळ्यांकडं. शुक्रवारी काय होतं हो?"

शुक्रवारी मी जुम्म्याच्या नमाजला जातो. साडेबाराला दुकान बंद करतो.

"मला काय ठाऊक सर," मी म्हणालो. "तुम्ही फिजिक्सवाले."

ते गेले. रोज सव्वाला आणि शुक्रवारी साडेबाराला मी दाराशी उभा राहून एकच शब्द म्हणतो. तो शब्द ह्या तुळईच्या लाकडाला मी आधीही एकदा म्हटला होता.

४

आता सांगूनच टाकतो.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी लातुरातल्या सुतारांना ट्रकात घालून नेलं. मी चोवीस वर्षांचा. किल्लारीच्या बाजूचं गाव होतं, नाव घेत नाही. आमच्या भागातली जुनी घरं तुम्ही बघितली असतील. हात-हातभर रुंदीच्या दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचं जाड माळवद. ते सगळं खाली बसलेलं, वरून पाऊस. दगड कुठं, घर कुठं, रस्ता कुठं, कळत नव्हतं. आमचं काम एकच, आडव्या पडलेल्या तुळया करवतीनं कापायच्या म्हणजे लष्करातल्या जवानांना माती उपसता येईल.

कापायच्या आधी तुळईवर तीनदा ठोकायचं, गप्प व्हायचं आणि कान लावून ऐकायचं, असं सांगितलं होतं. लाकडातून आवाज येतो, दगडातून येत नाही.

एका गल्लीच्या टोकाला मी एकटाच होतो. ठोकलं. कान लावला. काही नाही. करवत घातली, तुळई अर्धी कापली, हात भरून आले म्हणून थांबलो. आणि खालून आलं. टक-टक. टक.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा आलं, लगेच. मी ओरडलो, "कोण हाय?" बोलणं ऐकू आलं नाही. नुसतं ठोकणं, बारीक, घाईचं.

तेवढ्यात जमीन हलली. फार नाही, पण उरलेली एक भिंत माझ्या डोळ्यांसमोर सरकली. करवत उपसली आणि निघालो. निघताना सवयीनं, अगदी दाराशी म्हणतो तसं, मी तुळईवर हात ठेवून म्हणालो, "येतो."

माणसं बोलवायलाच निघालो होतो. खरंच सांगतो. पण रस्त्यावर आलो तर सगळे पळत होते, कुणी म्हणत होतं धरण फुटलं, ट्रक सुरू होता, त्यावर हात देऊन मला ओढून घेतलं. मी ओढू दिलं. लातूर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, "त्या गल्लीच्या टोकाला कुणीतरी जितं हाय." नाही बोललो. उशीर झाला की लाज वाटते, आणि लाज वाटली की अजून उशीर होतो.

पुढं पत्र्यांच्या वसाहतीत दारं बसवायला गेलो तिथं जाहिदा भेटली. लग्न झालं. भूकंपाच्या रात्री शेतावर होता म्हणून वाचलेल्या सासऱ्यानं घराची लाकडं काढली आणि मला म्हणाला, "जावईबापू, तुम्ही सुतार, तुम्हीच न्या." तुळई उचलली तर तिच्यावर अर्धा काप. माझ्याच करवतीचा. करवतीचा एक दात तुटका होता, त्याचा ओरखडासुद्धा होता.

तो कापाचा तुकडा मी गुपचूप जाळला. बाकीची तुळई पंचवीस वर्षं माळ्यावर ठेवली. मग व्हायोलिनचं वेड लागलं, लाकूड ठोकून बघितलं, आणि असा आवाज आला की मोह आवरला नाही. जाहिदाच म्हणाली, "करा की. आमच्या घराचं कायतरी चांगलं होऊ दे."

५

दुसऱ्या दिवसापासून मी "येतो" म्हणणं बंद केलं. जेवायला जाताना ओठ दाबून जायचो. पहिल्या दिवशी सरांना विचारलं, काही मेल? नाही. दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवस एकाही वाद्यानं ठोकलं नाही. सर म्हणाले, "हवामान बदललं असेल." मी म्हणालो, "हाव, तेच." चार दिवस मी भरल्या पोटानं झोपलो.

पाचव्या दिवशी जाहिदा ताट वाढता वाढता म्हणाली, "जिभेला काय झालंय तुमच्या?"

"का?"

"खालून तुमचं येतो ऐकू आलं की मी भाकरी तव्यावर टाकते. रोज तसंच करते मी. आजकाल तुम्ही मांजरासारखे येऊन बसता. सकाळचं थंड खाऊन राहिलात."

इतकी वर्षं मला वाटायचं, तो शब्द फक्त लाकडं ऐकतात.

त्याच दुपारी आलोकचा व्हायोला कुरिअरनं आला. पेटी उघडली. वाद्य ठणठणीत. शिवण, म्हणजे पाठीची फळी कडेला जिथं सरसानं जोडलेली असते ती, सगळीकडून बंद. म्हटलं, आत बघू. आत एक बारकी दांडी उभी असते, वरच्या फळीला आणि पाठीला टेकून. ती चिकटवत नाहीत, नुसत्या दाबानं उभी राहते. ती हलली तर आवाज होऊ शकतो. मला मनापासून वाटत होतं की तीच हलली असावी.

दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा माझ्याकडं आहे. वाद्याच्या भोकातून बारका बल्ब सोडला, आरसा घातला, फिरवला.

दांडी जागेवर होती. सरळ, घट्ट.

तिच्या शेजारी दुसरी उभी होती.

मी एकच लावतो. सगळे एकच लावतात. आरसा पुसून पुन्हा घातला. दुसरी दांडी पहिलीपेक्षा बारीक होती, वर पोचत नव्हती, आणि तिला मधे पेर होतं. आरसा आणखी खाली नेला तेव्हा ती वाकली.

मी बल्ब ओढून काढला, पेटी लावली, पेटीवर सागवानाचा ठोकळा ठेवला. मग त्यावर दुसरा ठेवला. त्यावर तिसरा.

६

त्या रात्री मी ठरवलं, उद्या तो व्हायोला गोदावरीत नेऊन सोडायचा. नांदेडला लेक दिली आहे, तिला भेटायचं निमित्त होतंच. सकाळी पेटी दाराशी ठेवली. पण एक गिऱ्हाईक आलं, मग सरांनी बोलत ठेवलं, आणि समोरच्या क्लासची बेल झाली.

वरून जाहिदानं हाक मारली, "अहो, जेवायला चला! आज तरी गरम खा!"

आणि मी ओरडलो, "येतो!"

हाक मारली की माणूस काय म्हणणार? दुसरा शब्द आहे का?

पेटीतून आवाज आला. टक-टक. टक.

गल्लीत पोरांचा कालवा होता, तरी तो आवाज सगळ्याच्या आतून आला. मी जिन्याकडं बघितलं. जाहिदा चौथ्या पायरीवर उभी होती. हाताला पीठ. तिनंही ऐकलं होतं.

ती खाली आली. माझ्याकडं न बघता पेटीजवळ बसली. कडी काढली, झाकण उघडलं. व्हायोल्याच्या पाठीवर तिनं पिठाच्या बोटानं ठोकलं, दोनदा, थांबून एकदा. अगदी रोज करत असल्यासारखं.

आतून लगेच उत्तर आलं.

"मुब्बी," जाहिदा म्हणाली.

मी म्हणालो, "सरस सुटलाय. दमट हवेनं—"

"लपाछपीत ती धान्याच्या कणगीत बसायची. लई वेळ कुणी शोधायला आलं न्हाई की तिला भ्या वाटायचं. मग आपणच ठोकायची. असंच. फक्त मला कळायचं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी दचकले. तुम्ही दचकला न्हाईत."

मी पेटीचं झाकण लावायला हात पुढं केला.

"तुम्हाला हे ठोकणं ठाऊक हाय. कवापासून ठाऊक हाय?"

"जाहिदा, ऐक..."

"मी एकदाच विचारलं होतं तुम्हाला. पुन्हा विचारून राहिले. आवाज आला होता का?"

खोटं तोंडात तयार होतं, अठ्ठावीस वर्षं घासून गुळगुळीत केलेलं. पण तिच्या मांडीवर ते वाद्य होतं आणि ते गप्प होतं, जणू तेही ऐकत होतं.

"हाव," मी म्हणालो.

"मग?"

"जमीन हलली. मी भ्यालो. माणसं आणायला निघालो होतो."

"तिला काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

जाहिदा रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. ती एवढंच म्हणाली, "तिला धुणाऱ्या बायकांनी सांगितलं होतं मला. तिची बोटं पेरांपर्यंत सोलली होती. मी म्हणायचे, येवढं कशाला ठोकलं असंल पोरीनं? कुणी ऐकत नसताना?" मग तिनं व्हायोला पेटीत ठेवला, लेकराला पाळण्यात ठेवतात तसा, आणि वर गेली.

अर्ध्या तासानं पिशवी घेऊन उतरली. नांदेडच्या गाडीला निघाली होती. दाराशी थांबली. मला वाटलं आता म्हणेल. सगळ्यांनी म्हणायचा तो शब्द म्हणेल, मग मी कसंही करून दिवस काढीन.

"जाते," ती म्हणाली.

७

तीन दिवस झाले. फोन उचलत नाही. लेक म्हणते, "अम्मी काहीच बोलत नाही, नुसती पलंगाच्या लाकडावर बोटानं ठोकते." मी लेकीला काय सांगू?

व्हायोला गोदावरीत नेला नाही. आता कुणापासून लपवायचं होतं?

आज बेल झाली. पोरं उतरली. वरून हाक आली नाही, मी काही बोललो नाही, तरी पेटीतून सुरू झालं. आज दोन आणि एक नव्हतं. न थांबता चाललं होतं. माझा मोबाईल थरथरायला लागला. आलोक. मग चेन्नई. मग बाहेर देशाचा नंबर. मग पुन्हा आलोक. गच्चीवरून सर धावत उतरताना त्यांच्या चपला ऐकू आल्या आणि ते दार वाजवायला लागले, "ताहेरभाई! सगळ्यांची एकदम, ताहेरभाई!" मी आतून कडी लावली.

एकच काम राहिलं होतं. तीस वर्षांपूर्वीचं.

व्हायोला मांडीवर पालथा घेतला. वाद्य उघडायला आमच्याकडं पातळ, बोथट चाकू असतो. तो शिवणीत अलगद घालायचा आणि सरस सोडवत पुढं न्यायचा. पाठीवर हात ठेवला. लाकूड गरम होतं. मी वाकलो, ओठ लाकडाला लावले आणि म्हणालो, "आलो गं. आलो बघ, मुब्बी."

ठोकणं थांबलं. मोबाईलही थांबला.

चाकूचं टोक शिवणीत घातलं. बोटभर सरस सुटला. मी पुढं सरकवलं. तेव्हा आतून, चाकूच्या समोरच, खरवडल्याचा आवाज आला. घाईघाईचा. मला वाटलं माझाच चाकू, म्हणून मी हात थांबवला. खरवडणं थांबलं नाही. ते चाकूच्या पुढं गेलं, कडेनं वळलं आणि माझ्या मांडीच्या दिशेनं यायला लागलं.

मी चाकू काढून बाजूला ठेवला. शिवण उघडतच होती.